पांढऱ्या वाळूचा मोह

समुद्रातले मासे व प्रवाळ काचेआड जगविणे हा उद्योग, १९५१ साली मुंबईच्या चौपाटीनजीक तारापोरवाला मत्स्यालय उघडले त्या काळी, संस्थांनीच करावयाचा होता. आज तो दिवाणखान्यात येऊन बसला आहे, आणि सारे काही सदैव नवेकोरे दिसले पाहिजे ही दिवाणखान्याची खोडही त्याला जडली आहे. टाकी मांडून दोन-चार वर्षे लोटली, तळाची शुभ्र वाळू करडी पडली आणि काचेलगत शेवाळाचे तपकिरी-हिरवे पट्टे उमटले, की मालक एखाद्या रविवारी बादली व नळी घेऊन सगळी वाळू एका दमात उपसतो आणि तिच्या जागी पिशवीतली कोरी वाळू ओततो. मग एक-दोन दिवसांत मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, प्रवाळांनी स्पर्शिका आखडून घेतल्या, की ठपका ठेवला जातो तो मासे विकणाऱ्यावर. माझ्या मते कसूर त्या रविवारची असते.

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांपासून जो अमोनिया निर्माण होतो, तो माशांना विषवत् असतो. वाळूच्या कणाकणावर वस्ती करून असलेले जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. आणि थर चांगला चार इंच जाड असला, तर खाली जेथे प्राणवायू पोहोचत नाही तेथील निराळे जीवाणू त्या नायट्रेटचाही नायट्रोजन वायू करून त्याची वासलात लावतात. मोनॅको येथे जाँ जोबेर यांनी तळाशी पाण्याची पोकळी राखून तिच्यावर जाड वाळू पसरण्याची जी पद्धत बसविली, तिचे मर्म हेच होय. शिवाय या थरात सूक्ष्म कृमी असतात, खाद्याचा वास लागताच सोंड उभारून वाळूतून वर येणाऱ्या नॅसेरियस गोगलगायी असतात, आणि दिवे मालवले की वाळूत शिरून झोपी जाणारे काही जातींचे मासेही असतात. या साऱ्या रहिवाशांना एका दुपारी बेदखल करून टाकीचा कारभार दुसऱ्या दिवशी सुरळीत चालावा, ही अपेक्षाच विलक्षण आहे.

तथापि जुन्या वाळूला कधी हातच लावू नये, हे जे दुसरे मत काही अनुभवी मंडळी मोठ्या अधिकारवाणीने सांगतात, तेही मला मान्य नाही. वर्षानुवर्षे न हललेल्या थरात गाळ साचतो, वाळू फॉस्फेट धरून ठेवते, आणि खोलवर काळे डाग पडतात. तेथे नळी खुपसली तर कुजक्या अंड्यासारखा दर्प येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि हा वायू पाण्यात मिसळला तर मासे दगावतात. बिऱ्हाड हलविताना तर अशी ढवळलेली जुनी वाळू नव्या जागी पुन्हा टाकीत भरणे हा शुद्ध अविचार आहे. तेव्हा वाळू बदलावी, परंतु हप्त्याहप्त्याने: एका वेळी चौथा हिस्सा, आणि दोन हप्त्यांमध्ये दोन-तीन आठवड्यांची मुदत. पंप बंद करून रुंद नळीने ती पाण्यासकट ओढून घ्यावी. त्याआधी खडक तळाच्या काचेवर टेकले आहेत की नुसत्या वाळूवर, हे पाहण्याची तसदी जरूर घ्यावी, कारण वाळूवर उभा असलेला खडक हमखास कोसळतो. नवी वाळू धुण्याचे पाणी दुधाळ दिसेनासे होईपर्यंत धुवावी, प्लास्टिकच्या पाइपातून अलगद तळाशी सोडावी, आणि तीत जुन्या थराच्या वरच्या स्वच्छ भागातली मूठभर वाळू विरजणासारखी मिसळावी. ज्यांच्या टाकीत थर इंचभरच आहे आणि सच्छिद्र खडक भरपूर आहे, त्यांचे बरेचसे जीवाणू खडकात सुरक्षित असल्यामुळे त्यांना घाईची थोडी मुभा आहे. पण अमोनियाची रोजची तपासणी त्यांनाही चुकत नाही.

राहता राहिला प्रश्न नवी वाळू कोठली आणावी याचा. कोकणात सहलीला गेलेला शौकीन मनुष्य परतताना किनाऱ्यावरची वाळू पिशवीत भरतो, ही फुकटेगिरी टाकीलाही मानवत नाही. रत्नागिरीकडील काळी वाळू इल्मेनाइटसारख्या लोहयुक्त खनिजांनी भरलेली. त्यांतले चुंबकाकडे ओढले जाणारे कण काच पुसण्याच्या चुंबकाला चिकटून काचेवर ओरखडे काढतात. मुंबईच्या किनाऱ्यावर सांडपाणी येते, हे सांगावयास नकोच. किनारा नियमनाच्या नियमांनी वाळूउपशावर बंदी घातलेली आहे ती उपसणाऱ्या ठेकेदारांसाठी हे खरे, परंतु पिशवीवाल्यांनी तिचा आशय ओळखण्यास काय हरकत आहे? प्रवाळांचे तुकडे उचलून आणणे तर त्याहून गंभीर, कारण २००१ पासून प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरील जी पांढरी वाळू आपणास मोहविते, तिच्यातला बराच भाग पोपटमाशांनी प्रवाळखडक कुरतडून, दळून विष्ठेवाटे टाकलेला असतो. ती तेथेच शोभते. बाजारात मिळणारी अ‍ॅरागोनाइटची वाळू विकत घ्यावी, हेच सरळ.

आणि ती विकणाऱ्यांनीही थोडे धोरण दाखवावे. गिऱ्हाइकाच्या टाकीचे माप विचारून एका वेळी चौथाईपुरतीच वाळू द्यावी, सोबत अमोनिया तपासण्याचा संच द्यावा, आणि बाकीची तीन आठवड्यांनी न्या म्हणून निक्षून सांगावे. धंदा बुडण्याची धास्ती नको, कारण उरलेल्या तीन पिशव्यांसाठी तो गृहस्थ पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढणार आहे, आणि मासे जिवंत असल्यामुळे त्यांचे खाद्यही तेथूनच नेणार आहे.