हवाईचे बोधवाक्य आणि एक परंतुक

अमेरिकेतील बहुतेक राज्यांची बोधवाक्ये लॅटिन किंवा इंग्रजी भाषेत आहेत. पन्नासाव्या राज्याचे, म्हणजे हवाईचे बोधवाक्य मात्र तेथील मूळ रहिवाशांच्या हवाईयन भाषेत आहे : 'उआ माउ के एआ ओ का आइना इ का पोनो'. भाषेच्या प्रश्नाशी ज्यांचा जन्मभराचा संबंध आहे, अशा वाचकांना त्या राज्याचा हेवा वाटणे स्वाभाविक आहे. पण जमिनीचा सौदा करण्यापूर्वी जुने उतारे पाहावेत, तसा या वाक्याचा इतिहासही आधी पाहावा, असे माझे मत आहे.

फेब्रुवारी १८४३ मध्ये लॉर्ड जॉर्ज पॉलेट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने हवाईच्या राज्याचा ताबा बळकावला. त्याचा वरिष्ठ रिअर अ‍ॅडमिरल रिचर्ड थॉमस याने ३१ जुलै रोजी होनोलुलू येथे ते राज्य राजाला परत केले. त्या प्रसंगी राजा तिसरा कामेहामेहा याने हे शब्द उच्चारले, असे मानले जाते. यातील 'एआ' या शब्दाचा अर्थ प्राण किंवा श्वास असा होतो, तसाच सार्वभौमत्व असाही होतो. आज रूढ असलेल्या इंग्रजी भाषांतरात 'भूमीचे जीवन सदाचाराने टिकून राहते' असा आशय आहे. भाषांतर चुकीचे नाही. परंतु गेलेले राज्य हाती परत आले त्या दिवशी राजा कशाविषयी बोलत होता, हे कळण्यास शब्दकोशाची गरज नाही. दोन अर्थांपैकी निरुपद्रवी तेवढा निवडणे, हीदेखील एक राजकीय कृतीच आहे.

पन्नास वर्षांनी ते राज्य गेले ते गेलेच. १७ जानेवारी १८९३ रोजी राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले. त्या वेळी अमेरिकी नौसैनिक किनाऱ्यावर उतरलेले होते. १८९४ मध्ये प्रजासत्ताक घोषित झाले आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे सामील करून घेतली. तीही तहाने नव्हे, आपल्याच संसदेच्या संयुक्त ठरावाने! या धामधुमीत १८९६ चा शिक्षणविषयक कायदा सहज नजरेआड होतो. सर्व सार्वजनिक व खाजगी शाळांचे माध्यम इंग्रजी असेल, असे त्याने ठरविले. ज्या भाषेत १८३४ पासून वृत्तपत्रे निघत होती, त्या भाषेची ही अवस्था. घरी हवाईयन बोलू नका, असे त्या कायद्यात म्हटलेले नव्हते. तशी आवश्यकताही नव्हती.

१९५९ साली हवाई हे राज्य झाले, तेव्हा मुद्रेवर एका बाजूस पहिला कामेहामेहा, दुसऱ्या बाजूस स्वातंत्र्यदेवता आणि खाली राजेशाहीचा अंत सुचविणारा फिनिक्स पक्षी अशी योजना झाली. भोवती मात्र एका राजाचेच शब्द! ध्वजही जुनाच ठेवला. त्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक आजही आहे. एवढे सगळे जपले, शाळेच्या माध्यमाचा निर्बंध मात्र तसाच राहिला. राज्याची मुद्रा ज्या भाषेत बोलत होती, त्या भाषेत सरकारी शाळेचा वर्ग चालत नव्हता.

पुढे १९७८ च्या घटनादुरुस्तीने इंग्रजी आणि हवाईयन या दोन्ही राज्याच्या अधिकृत भाषा झाल्या. त्या कलमाला एक परंतुक आहे. सार्वजनिक कृती व व्यवहारांसाठी हवाईयन भाषा, कायद्याने तरतूद केली असेल तेवढ्यापुरतीच आवश्यक राहील. भाषिक कायदे वाचणाऱ्यास हे परंतुक परिचयाचे वाटेल. मुख्य वाक्य समारंभात वाचले जाते, परंतुक कोर्टात. जानेवारी २०१८ मध्ये माउई बेटावरील एका कोर्टात आरोपीने न्यायाधीशांना हवाईयनमध्ये उत्तर दिले. तो समोर उभा असूनही त्याची हजेरी नोंदली गेली नाही आणि त्याच्याविरुद्ध अटक वॉरंट निघाले. दुसऱ्या दिवशी ते मागे घेण्यात आले आणि शक्य तेथे दुभाषी देण्याचे धोरण न्यायव्यवस्थेने जाहीर केले. अधिकृत भाषेच्या चाळिसाव्या वर्षी हे घडले.

बोधवाक्य हवेच. सरकारला ते देणे सोपे जाते, कारण त्यासाठी शिक्षक नेमावा लागत नाही. म्हणून मागणी करणाऱ्याने आधी शाळा मागावी, असे मी म्हणतो. हवाईत भाषा सावरण्यास सुरुवात केली ती पालकांनी आणि भाषाप्रेमी शिक्षकांनी. १९८४ मध्ये 'पूनाना लेओ' म्हणजे 'भाषेचे घरटे' या नावाची बालवाडी त्यांनी काढली. कायद्यात बदल झाला तो १९८६ मध्ये, आणि १९८७ पासून सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. लहानशा लानाई बेटावर तसा वर्ग नव्हता. तेथील एका आईने आपल्या मुलींसाठी राज्याविरुद्ध दावा लावला. हवाईयन माध्यमाचे शिक्षण उपलब्ध करून देण्यासाठी सर्व वाजवी प्रयत्न करण्यास राज्य घटनेने बांधलेले आहे, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. ते प्रयत्न खरोखर झाले होते काय, हे पुराव्यावरून ठरविण्यासाठी प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत पाठविण्यात आले.