काट्यावर डोळा, मग बिलावर का नाही?

कापसाची गाडी जिनिंगवर लागली की आपला शेतकरी काट्यापासून हलत नाही. वजन किती भरले, कट्टी किती धरली, हमाली-तोलाई किती कापली, हे पट्टीवर बोट ठेवून विचारतो. तोच शेतकरी घरचे वीजबिल आले की फक्त खालचा आकडा पाहतो आणि पैसे कुठून आणायचे याच्या विवंचनेत पडतो. विकताना आपण हिशेब मागतो, भरताना मात्र मागत नाही. ही सवय आपल्याला महागात पडते.

2024 मध्ये राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. पण ज्याच्या शेतात विहीरच नाही, कपाशी आणि ज्वारी पावसाच्या भरवशावर आहे, त्याला या माफीचा उपयोग काय? कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात येणारे विजेचे बिल एकच, घरगुती. ते त्याला पुरते भरावे लागते. म्हणून ते वाचता आले पाहिजे.

बिलात मुख्यतः पाच रकमा असतात. स्थिर आकार हा जोडणी असल्याबद्दलचा. घर महिनाभर बंद असले तरी तो लागतो. वीज आकार हा जळालेल्या युनिटांचा. हजार वॅटची शेगडी एक तास चालली की एक युनिट होते. वहन आकार म्हणजे तारांवरून वीज घरापर्यंत आणण्याची मजुरी, तीही युनिटावरच. इंधन समायोजन आकार म्हणजे कोळशाचा आणि वीजखरेदीचा खर्च मंजूर अंदाजापेक्षा कमीजास्त झाला तर त्याचा फरक. तो दर महिन्याला बदलू शकतो. या चौघांच्या बेरजेवर 16 टक्के वीज शुल्क लागते. ते कंपनीचे नाही, सरकारचे. म्हणजे वरचा आकडा चुकला की त्यावरचे शुल्कही चुकते.

घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. महिन्याला पहिली 100 युनिटे स्वस्त, 101 ते 300 महाग, त्यापुढची आणखी महाग. 101 वे युनिट जळाले म्हणजे सगळीच युनिटे महाग झाली, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. फक्त वरची युनिटे वरच्या दराने लागतात. मात्र हा टप्पा महिन्याचा आहे, हे विसरू नये. गफलत इथेच होते.

एका गावच्या बैठकीत एका बहिणीने बिलांचा गठ्ठा आमच्यापुढे ठेवला. वेचणीच्या दिवसांत घराला कुलूप, त्यामुळे चार बिलांवर मीटरची स्थिती ‘लॉक’ आणि वापर सरासरीने 40 युनिटे. पाचव्या महिन्यात रीडिंग झाले तेव्हा पाच महिन्यांचा खरा वापर 400 युनिटे निघाला. आधीची 160 वजा करून उरलेली 240 युनिटे एकाच महिन्याची म्हणून धरली होती.

हिशेब सोपा जावा म्हणून पहिल्या टप्प्याचा दर 5 रुपये आणि दुसऱ्याचा 10 रुपये समजू. (खरे दर बिलावर पाहावेत, ते आयोगाच्या आदेशाने बदलतात.) एका महिन्याची म्हणून 240 युनिटांचे 500 अधिक 1400, म्हणजे 1900 रुपये होतात. पण 400 युनिटे पाच महिन्यांत वाटली तर महिन्याला 80 पडतात. सगळी पहिल्याच टप्प्यात. एकूण 2000, त्यातून आधी लागलेले 800 वजा, बाकी 1200. फरक 700 रुपयांचा, आणि त्यावर 16 टक्के शुल्क धरून 812 रुपयांचा. वेचणीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला हे पैसे किती दिवस राबून मिळतात, ते आम्ही सांगायला नको.

2020 च्या टाळेबंदीनंतर तीन महिन्यांची बिले एकत्र आली, तेव्हा युनिटे महिन्यांत वाटूनच टप्पे लावावे लागले होते. तेव्हा ही काही मेहेरबानी मागणे नाही.

तक्रार तोंडी करू नका. अर्ज लिहा, बिलाची प्रत जोडा, पोच घ्या. उपविभागात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहे. 2003 च्या वीज कायद्याचे कलम 56 पाठ करून ठेवा. लेखी आणि पुरत्या पंधरा दिवसांच्या नोटिशीशिवाय थकबाकीपोटी वीज तोडता येत नाही. बिलाबद्दल वाद असेल तर मागणीची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरावी. वादाचा निकाल लागेपर्यंत तार तोडता येत नाही. दोन वर्षांपूर्वीची बाकी मधल्या काळात बिलावर सतत दाखवली नसेल, तर ती वसूल करता येत नाही.

आकडा टाकणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. जळालेल्या विजेचे पैसे भरलेच पाहिजेत. पण न जळालेल्या विजेचे का भरावेत? पीकशास्त्रात पहिला धडा असतो, पान उलटून पाहिल्याशिवाय फवारणी करू नये. बिलाचेही तेच. मागील आणि चालू रीडिंग, मीटरची स्थिती आणि बिल किती महिन्यांचे आहे, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने मागच्या बारा महिन्यांची बिले आणावीत. घरातल्या मायबहिणींनाही आणावे, कारण बिल बहुधा त्यांच्याच हातात पडते. गावनिहाय बसून हिशेब तपासू आणि चुकलेल्या बिलांचे अर्ज तिथेच लिहू. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो. शंभर अर्ज एकाच दिवशी, पोच घेऊन दिले, की साहेबाला खुर्ची सोडून उठावे लागते.