तिठ्यावरचा न्याय

तिन्हीसांजेला तिठ्यावर रेंगाळू नये, असे कोकणातली जुनी माणसे सांगत. तीन वाटा जेथे मिळतात तो तिठा. तेथे कोणी लिंबू, नारळ, दहीभाताचा उतारा ठेवलेला असायचा आणि पोरेटोरे त्याला वळसा घालून धावत घर गाठायची. तिठ्याची धास्ती आजही आहे, तिचे कारण मात्र बदलले आहे. हातखंब्याच्या तिठ्यावरून रत्नागिरीत शिरणारा रस्ता कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका असे टप्पे घेत जयस्तंभाकडे येतो. शहराचा हा कणाच. शाळा आणि कचेऱ्या सुटण्याच्या वेळी या कण्यावरच्या कुठल्याही चौकात दहा मिनिटे उभे राहावे. एस.टी. गाड्या, रिक्षा, दुचाकी, हंगामात आंब्याच्या पेट्यांनी भरलेले टेम्पो, आणि या गर्दीच्या काठाशी पिशवी छातीशी धरून उभी असलेली एखादी आजी. ती एक पाऊल पुढे टाकते आणि दोन पावले मागे घेते. तिच्यासाठी कोणी थांबत नाही.

असे दृश्य पाहिले की ‘येथे सिग्नल बसवा’ ही मागणी पुढे येते. तीमागची कळकळ रास्त आहे. परंतु सिग्नल म्हणजे नेमके काय आणि तो काय करू शकतो, याचा विचार मागणी करणारे फारसा करीत नाहीत आणि ती मान्य करणारेही पुष्कळदा करीत नाहीत. खांब उभा राहतो, उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. पुढे काही महिन्यांनी तोच खांब जाहिरातीचे फलक बांधण्याच्या कामी येतो. अनेक लहान शहरांचा हा अनुभव आहे. म्हणून मूळ विषय नीट समजून घेतला पाहिजे.

रस्त्यावरचा सिग्नल हे रेल्वेचे अपत्य. १० डिसेंबर १८६८ रोजी लंडनमध्ये पार्लमेंटजवळ जगातला पहिला वाहतूक सिग्नल सुरू झाला. त्याची कल्पना जे. पी. नाइट या रेल्वे अभियंत्याची. रेल्वेसारखे वरखाली होणारे हात आणि रात्रीसाठी गॅसवर जळणारे लाल-हिरवे दिवे, अशी ती रचना होती. जानेवारी १८६९ मध्ये गॅसचा स्फोट होऊन तेथला पोलीस जखमी झाला आणि प्रयोग गुंडाळला गेला. विजेचे सिग्नल येण्यास १९१४ साल उजाडले. ते अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात. तिसरा, पिवळा दिवा १९२० साली डेट्रॉइटच्या विल्यम पॉट्स या पोलीस अधिकाऱ्याने जोडला.

रेल्वेच्या सिग्नलचा अर्थ कोकणी माणसाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. कोकण रेल्वेचा बहुतांश मार्ग एकेरी. समोरून येणारी गाडी निघून जाईपर्यंत आपली गाडी एखाद्या लहानशा स्थानकात उभी राहते. ‘क्रॉसिंग आहे’ एवढे दोन शब्द ऐकले की डब्यातला प्रवासी पाण्याची बाटली काढतो किंवा पेपर उघडतो. रूळ एक आहे, गाड्या दोन आहेत, तेव्हा एकीने थांबलेच पाहिजे, हे त्याला पटलेले असते. तोच प्रवासी स्टेशनबाहेर येऊन दुचाकीवर बसला की चौकातले वीस सेकंद त्याला असह्य होतात. चौक हादेखील एकच रूळ आहे, ही गोष्ट त्याच्या मनात उतरलेली नसते.

चौकातली फरसबंदी एकच आणि तिच्यावर हक्क सांगणारे प्रवाह अनेक. चार रस्त्यांच्या चौकात वाहनांचे मार्ग परस्परांना छेदतात, मिळतात वा फुटतात असे ३२ बिंदू शास्त्राने मोजले आहेत; तिठ्यावर ते ९ असतात. परस्परांना न छेदणारे प्रवाह एकत्र सोडायचे आणि बाकीचे रोखून धरायचे, मग दुसऱ्या गटाला वाट द्यायची, याला वाहतूकशास्त्रात ‘फेज’ म्हणतात. पाटाच्या पाण्याची पाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कल्पना नवी नाही. आज वरच्या वाडीचे पाणी, उद्या खालच्या वाडीचे. पाणी वाढत नाही, वाटप ठरते. सिग्नलही रस्ता तसूभर रुंद करीत नाही. तो फक्त वेळेची वाटणी करतो. सगळ्या पाळ्या एकदा होऊन पुन्हा पहिली येईपर्यंत जो काळ जातो ते ‘सायकल’, म्हणजे एक आवर्तन.

आता थोडा हिशेब करू. हिरवा दिवा लागताच गाड्या लगेच सुटत नाहीत. पहिल्या चालकाला भान येऊन गाडी हलेपर्यंत दोनएक सेकंद जातात. पाळी संपताना चौक मोकळा होण्यासाठी आणखी दोनएक सेकंद जातात. म्हणजे प्रत्येक पाळीमागे सुमारे ४ सेकंद कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. चार पाळ्या असतील तर १६ सेकंद. आवर्तन ६० सेकंदांचे ठेवले, तर चौथ्या हिश्श्याहून अधिक वेळ असा वाया जातो. १२० सेकंदांचे ठेवले तर प्रमाण निम्म्यावर येते, परंतु थांबणाऱ्याचा जीव मेटाकुटीस येतो. मग दोनच पाळ्या का ठेवू नयेत? अडचण उजव्या वळणाची आहे. आपण डाव्या बाजूने वाहने चालवतो; त्यामुळे उजवीकडे वळणारा समोरून येणाऱ्याला आडवा जातो. असे वळणारे थोडे असतील तर दोन पाळ्यांत भागते. पुष्कळ असतील तर त्यांना स्वतंत्र पाळी द्यावीच लागते. किती असतील हे मात्र चौकात उभे राहून मोजल्याशिवाय कळत नाही.

हे मोजमाप हाच सिग्नलचा आत्मा. १९५८ साली ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील एफ. व्ही. वेबस्टर यांनी वाहनांची मोजणी आणि वाया जाणारा वेळ यांवरून कमीत कमी खोळंब्याचे आवर्तन काढण्याचे सूत्र दिले. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने १९८५ साली सिग्नलविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सिग्नल कोठे बसवावा याचे निकषही त्यांत आहेत: वाहनांची संख्या, आडरस्त्यावरच्या वाहनांचा खोळंबा, पादचाऱ्यांची संख्या आणि अपघातांचा पूर्वानुभव. जेथे हे निकष पुरे होत नाहीत, तेथे मारुती मंदिरासारखे वर्तुळही उत्तम काम देते. अट एवढीच, की आत फिरणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे. ‘त्या शहरात आहे म्हणून आमच्याकडेही हवा’ हा निकष कोठल्याही ग्रंथात नाही.

सर्वांत मोठा गैरसमज पिवळ्या दिव्याविषयी आहे. पिवळा म्हणजे ‘थांबा’. रेषेच्या इतक्या निकट आलो की सुरक्षितपणे थांबणे अशक्य, एवढ्याचपुरती पुढे जाण्याची सवलत. आपण त्याचा अर्थ ‘पळा’ असा लावला आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला ११ मीटर कापते. तीन सेकंदांच्या पिवळ्यात ३३ मीटर. पळणारा चालक चौकाच्या मध्यावर असताना दुसऱ्या बाजूला हिरवा लागण्याच्या बेतात असतो. म्हणून दोन पाळ्यांच्या मध्ये सगळीकडे लाल ठेवण्याचा एक-दोन सेकंदांचा अवकाश राखतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामात एकेरी रस्त्याच्या दोन टोकांना झेंडे घेऊन उभे असलेले मजूर आपण पाहिले आहेत. या टोकाची शेवटची गाडी पलीकडे पोहोचल्याशिवाय त्या टोकाचा गडी हिरवे निशाण दाखवीत नाही. त्या दोघांनी वेबस्टर वाचलेला नसतो, पण मधल्या रिकाम्या क्षणांचे मोल ते जाणतात.

कायद्याने आपले काम केले आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने लाल दिवा तोडणे हे धोकादायक वाहनचालनात गणले गेले. हॉर्न वाजवून लाल दिवा वितळत नाही, हे समजावण्यासाठी मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी केलेला प्रयोग जानेवारी २०२० मध्ये बराच गाजला. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की सिग्नलचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. लोक हसले आणि थोडे वरमलेही.

परंतु शिस्तीचे ओझे एकट्या नागरिकाच्या माथी मारून चालणार नाही. समोरचा रस्ता रिकामा असतानाही दीड मिनिट लाल दाखवणारा सिग्नल लोकांना बेशिस्त शिकवतो. आठवड्यातून चार दिवस बंद पडणारा सिग्नल पाचव्या दिवशी चालू झाला तरी त्याला कोणी मानत नाही. अन्याय्य वाटप फार काळ कोणी पाळत नाही, मग ते पाण्याचे असो वा वेळेचे. नगर परिषद, बांधकाम खाते आणि वाहतूक पोलीस यांनी एकत्र बसून आधी मोजणी करावी. सकाळचे वाटप वेगळे, दुपारचे वेगळे. आंब्याच्या हंगामाचे आणि गणपतीला चाकरमानी गावी येतात त्या दिवसांचे त्याहून वेगळे. आधुनिक यंत्रात अशा निरनिराळ्या वेळा बसवता येतात. गरज आहे ती बसवणाऱ्याची आणि वर्षाकाठी तपासणाऱ्याची.

आणि या वाटपात ज्याच्यापाशी वाहन नाही त्याचाही वाटा हवा. चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. १४ मीटर रुंदीचा रस्ता त्या हिशेबाने १२ सेकंदांत ओलांडला जातो. परंतु गुडघे धरलेल्या वृद्धेचा वेग ०.८ मीटर असेल, तर तिला १७ ते १८ सेकंद लागतात. बारा सेकंदांनी हिरवा माणूस विझला की ती रस्त्याच्या मध्यावर उरते. तिला हवे असलेले हे सहा सेकंद आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहेत. कोणाच्या वाट्याला एखादा सेकंद येईल, कोणाच्या दोन.

सिग्नलचा प्रश्न अखेर येथे येऊन थांबतो. आपल्या धर्मविचारात सुखसोयींआधी मर्यादेला स्थान आहे, आणि मर्यादा पाळायची ती दुसऱ्याच्या हक्कासाठी. पोलीस समोर असताना थांबणे ही भीती झाली. रात्री अकरा वाजता, निर्मनुष्य चौकात, लाल दिव्यापाशी जो पाय खाली टेकवून थांबतो, त्याने मर्यादा आपलीशी केली असे म्हणता येईल. रत्नागिरीच्या चौकांत उद्या जे दिवे लागतील ते नीट मोजूनमापून लागोत, एवढी मागणी आपण जरूर करावी. ती करताना गाडी पांढऱ्या रेषेच्या अलीकडे उभी करण्याची सवय मात्र आजपासूनच लावून घ्यावी. पिशवी छातीशी धरून उभी असलेली ती आजी दिवे लागेपर्यंत घरी थांबणार नाही. तिला आज संध्याकाळीच रस्ता ओलांडायचा आहे.