चार लोक आणि नाल्कु जन

'चार लोक काय म्हणतील?' हा प्रश्न मराठीत जितका मुरलेला, तितकाच कन्नडमध्ये 'नाल्कु जन एनंतारे?' हा. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांत तो दोनदा ऐकू येतो. हे चार लोक कोण, ते कुणी सांगत नाही. त्यांचे मनावर किती ओझे पडते, हे मोजण्याचा प्रयत्न मात्र झाला आहे.

तो झाला दक्षिण भारतात, एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांमध्ये. जयश्री रामकृष्ण, शालिनी भरत आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. आधी 16 जणांच्या सविस्तर मुलाखती, मग 229 जणांना प्रश्नावली. कलंकाचे तीन प्रकार त्यांनी आधीच गृहीत धरले होते: प्रत्यक्ष वाट्याला आलेली हेटाळणी, समाज आपल्याला काय समजतो याची धास्ती, आणि 'आपण याच लायकीचे' हे स्वतःलाच पटणे. मुलाखती घेताना चौथा सापडला. मी त्याला ऐकीव कलंक म्हणेन.

प्रत्यक्ष अपमान झाल्याचे लोकांनी त्या मानाने कमीच सांगितले. त्यांची तोंडे मिटली होती ती बरेचदा दुसऱ्याच्या गोष्टी ऐकून. अमक्याला घराबाहेर काढले, तमकीचे ताट वेगळे केले, असल्या गोष्टी आपण जेवताना सहज बोलून जातो. भाजी वाढणाऱ्या हाताकडे आपले लक्षही नसते.

धास्ती जास्त तिथे खिन्नता जास्त, हे कुणीही सांगेल. पण या दोहोंच्या मध्ये लपवण्याची धडपड उभी असते, हे त्या प्रश्नावलीतून पुढे आले. डबीवरचा कागद खरवडून काढायचा. 'रोज कसली गोळी?' असे सासूबाईंनी विचारले की 'रक्त वाढायची' म्हणायचे. दवाखान्याच्या तारखेला मावशीकडचे निमित्त शोधायचे. बालाघाटच्या माणसाला गोंदिया किंवा निपाणीच्या माणसाला कोल्हापूर बरे वाटले, तर त्याचे कारण नेहमी औषधातच असते असे नाही. सरकारी रुग्णालयांत हे औषध 2004 पासून मोफत मिळू लागले. नेमाने घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. लपवण्याचे कष्ट मात्र गोळीने कमी होत नाहीत.

मग सांगून टाकावे, मन हलके होईल, असा सल्ला लगेच येतो. मला तो पटत नाही. एकदाच विचारलेल्या प्रश्नावलीतून अमुक केल्याने तमुक होईल, असे सिद्ध होत नाही. शिवाय किती जणांना सांगितले याचा आकडा काढून काय कळणार? एका समजूतदार बहिणीला सांगणे आणि गल्लीभर बभ्रा होणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कन्नडमध्ये 'मर्यादे' म्हणजे मान, अब्रू. मराठीत 'मर्यादा' म्हणजे सीमा. कुणाला सांगायचे ही सीमा ज्याची त्याने आखायची, तरच त्याचा मान राहतो. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स कायदाही, काही अपवाद सोडता, हेच म्हणतो. आपली स्थिती उघड करण्याची सक्ती कुणावर करता येत नाही.

दर 1 डिसेंबरला आम्ही प्राध्यापक मंडळी रांगोळ्यांना आणि निबंधांना गुण देतो. लाल फीत सुबक काढलेली असते, निबंधात सहानुभूती ओसंडत असते. पण प्रश्नावली नेहमी बाधितांनाच. 'गेल्या महिन्यात तुम्ही कुणाच्या आजाराची गोष्ट कुणाला सांगितली?' हे एकदा आम्हालाही कुणी विचारावे.

आणि वाचकहो, हे पान वाचणाऱ्या कुणाला घरात बोलणे अवघड वाटत असेल, तर 1097 हा सरकारचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तिथे नाव सांगावे लागत नाही.