‘धग’चा वाचक : विद्यार्थ्याच्या प्रतिसादाचे मोल

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला आवडत्या कादंबरीविषयी लिहावयास सांगितले, की त्याच्या लेखनातून बहुधा तो स्वतःच अदृश्य होतो. ‘प्रादेशिकता’, ‘वास्तवदर्शन’, ‘नियतिशरण जीवन’ ही मार्गदर्शक पुस्तिकांतली पदे ओळीने येतात; कादंबरी मात्र त्याने कशी वाचली, हे कळत नाही. व्यक्तिगत प्रतिसाद म्हणजे समीक्षेआधीची हौस, अशी समजूत यामागे आहे. ती तपासण्यासाठी उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीइतके योग्य उदाहरण वऱ्हाडात दुसरे क्वचितच मिळेल.

मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावातून आलेला विद्यार्थी ‘धग’ वाचतो, तेव्हा त्याच्यापुढे एक विलक्षण परिस्थिती असते. ‘ला’च्या जागी ‘ले’ आणि ‘ळ’च्या जागी ‘य’ उच्चारणारी जी बोली शाळेच्या वहीत अशुद्ध ठरते, तीच येथे श्रेष्ठ कादंबरीतील पात्रांची भाषा म्हणून अभ्यासक्रमात येते. या अनुभवाने विद्यार्थ्याला आनंद वाटणे स्वाभाविक आहे. पण ‘हे तर आमचेच’ एवढ्यावर तो थांबला, तर तो प्रतिसाद ओळखीचा होईल, आस्वादाचा नव्हे. हा आक्षेप रास्त आहे.

तथापि या आक्षेपाचे उत्तर प्रतिसाद नाकारण्यात नसून तो पुढे नेण्यात आहे. ‘धग’ची बोली अमरावतीकडची, मेहकर घाटावरचे, आणि तेथील बोलीला मराठवाड्याचे शेजारपण आहे. त्यामुळे जानेफळचा वाचक या भाषेच्या अगदी जवळ असतो, पण पूर्णपणे आत नसतो. कोणता शब्द आपल्या घरात आहे, कोणता नाही, कौतिकच्या बोलण्यातला कोणता हेल आपल्या कानाला परका वाटतो, हे तो नेमके सांगू शकतो. अशी नोंद ही शैलीविचाराची सामग्रीच होय. प्रमाण मराठीतूनच ‘धग’कडे जाणाऱ्या वाचकाला संपूर्ण वऱ्हाडी एकसारखीच भासण्याचा संभव असतो.

आशयाच्या बाबतीतही हेच आहे. महादेवचा नाकर्तेपणा, पुढे त्याला जडलेला महारोग आणि संसार ओढून नेणारी कौतिक, एवढ्या कथानकावर करुणेचा शिक्का मारणे सोपे आहे. मोलमजुरीचे जीवन जवळून पाहिलेल्या विद्यार्थ्याला मात्र कौतिकच्या दुःखापेक्षा तिचा हिशेबीपणा, तिचा हट्ट, तिचे धारदार बोलणे आधी जाणवू शकते. धग म्हणजे ज्वाला नव्हे. ती दिसत नाही, जवळ असलेल्यालाच लागते. शीर्षकाचा हा अर्थ अनुभवातून उमगला, तरी त्याचा पुरावा विद्यार्थ्याने संहितेतच शोधला पाहिजे.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न देता कविता वाचावयास दिल्या व त्यांचे लेखी प्रतिसाद १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अभ्यासले. त्यांतून ठोकळेबाज प्रतिक्रियांचे दोष उघड झाले. पण त्यासाठी ते प्रतिसाद आधी मोकळेपणाने लिहिले जाणे आवश्यक होते. अभिनवगुप्तांचा सहृदयही केवळ भावुक नसतो. काव्याच्या सततच्या परिशीलनाने त्याचे मन आरशासारखे निर्मळ झालेले असते. दोन्ही परंपरांत प्रतिसाद हा आरंभ आहे आणि त्याला शिस्त लावणे हे अध्यापनाचे कार्य.

म्हणून उत्तरपत्रिकेत निदान एक प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर तयार टिपणांतून देता येणार नाही : कादंबरीतील कोणत्या स्थळी वाचक अडखळला, आणि का? गुण मताला नव्हे, तर त्या ‘का’साठी दिलेल्या आधाराला मिळावेत. अशी उत्तरे तपासावयास अधिक वेळ लागेल, हे खरे. परंतु बोलीतील कादंबरी अभ्यासक्रमात नेमावयाची आणि ती बोली घरी बोलणाऱ्या वाचकाला मात्र उसन्या पदावलीत बोलावयास लावावयाचे, ही विसंगती त्या श्रमापेक्षा अधिक महाग पडते.