परिवार वार्तेत एक आकडा सिकलसेलचाही असू द्या



आपल्या अंकात परिवार वार्ता येतात. कुणाचा मंगल परिणय, कुणाच्या बाळाचे नामकरण, कुणाचा पुण्यानुमोदन कार्यक्रम. विहारांत रविवारी आनापानसतीचा वर्ग होतो, १४ एप्रिलला रक्तदान आणि बीपी-शुगरची तपासणी होते. हे सारे चांगलेच आहे. पण या वार्तांत एक शब्द कधी दिसत नाही. तो म्हणजे सिकलसेल.

धंतोलीत गल्लोगल्ली दवाखाने आहेत. तिथल्या वॉर्डात आम्ही नर्स म्हणून उभ्या राहिलो. हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडणारी लेकरे पाहिली. कुणाला आधी संधिवात सांगितलेला, कुणाला कावीळ, कुणाच्या कपाळी अंगारा. एका आईने विचारले, "सिस्टर, माझ्याच रक्तात खोट होती का हो?" नवरा बाजूलाच उभा होता. रिपोर्ट दोघांचेही एएस होते. पण सासरच्यांनी दोष एकटीच्या पदरात टाकला होता.

म्हणून हिशोब नीट समजून घ्या. एएस म्हणजे वाहक. तो रुग्ण नाही, कामधंदा आणि संसार नीट करतो. एसएस म्हणजे रुग्ण. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी बाळ एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच जण वाहक आणि दुसरा निरोगी एए असेल, तर बाळ एसएस होत नाही. एकटी आई कधीच कारण नसते.

नागपूरला हा आजार नवा नाही. डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. म्हणजे धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी. तरीही वस्तीत अजून कुजबूजच चालते.

हे कोणत्या जातीचे 'खराब रक्त' नाही. वाहकाला गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून मलेरियाच्या मुलखांत हा गुण टिकला. तो गोंड-भिल्लांत आहे, आफ्रिकेत आहे, अरब देशांतही आहे. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नात दाखवले. त्याच वर्तुळात लग्ने होत राहिली की दोन वाहक एकत्र येण्याची शक्यताही वाढते.

काही जण म्हणतात, "रिपोर्ट मागितला तर पोरीचे लग्न मोडेल." भीती खरी आहे. पण ती पोरीचाच रिपोर्ट मागितल्यामुळे आहे. वधू-वर परिचय मेळाव्यात दोघांचेही रिपोर्ट असले पाहिजेत, आणि मुलाचा आधी. दोन वाहकांचे लग्न आधीच झाले असेल, तर संसार मोडू नका. दिवस राहताच लवकर डॉक्टरांना भेटा. गर्भाची तपासणी करता येते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे लक्ष्य आहे. सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी आपली आशाताई मदत करेल. घरी रुग्ण असेल तर फॉलिक ॲसिड रोज द्या, हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या. नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी भरपूर पाजा. ताप आला, दम लागला की वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

विहार समित्यांना आमचे सांगणे एवढेच. पुढच्या शिबिरात बीपी-शुगरच्या टेबलाशेजारी सिकलसेलचे टेबल लावा. रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात द्या. परिवार वार्तेत कुणाचे नाव छापू नका, फक्त किती जणांनी तपासणी केली तो आकडा छापा.

लग्नाच्या पत्रिका जुळवणे आपण सोडले. आता रक्ताच्या रिपोर्टवरून नवा विटाळ सुरू करू नका. तपासणी सगळ्यांची झाली, तर बोट कुणा एकीकडे जाणार नाही.