वाहिन्या किती आणि घरे किती?

अंकीय दूरचित्रवाणीची चर्चा आपल्याकडे बहुधा वाहिन्यांच्या संख्येपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ज्या लहरपट्ट्यातून पूर्वी एक कार्यक्रम येत असे त्यातून आता आठ-दहा येतील, असे सांगितले की ऐकणारा प्रसन्न होतो. ते आठ-दहा कार्यक्रम कोणाच्या घरात पोहोचणार नाहीत, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वस्तुतः या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढताच येत नाहीत.

शिक्षकांना याचे मर्म सहज कळेल. फळ्यावर बारीक अक्षरांत लिहिले तर मजकूर अधिक मावतो. पण शेवटच्या बाकावरच्या मुलाला तो वाचता येत नाही. लहरींवर माहिती लादण्याच्या क्रियेला मॉड्युलेशन म्हणतात आणि तेथेही हेच घडते. चार खुणांच्या पद्धतीत दर खुणेबरोबर २ बिट जातात, सोळा खुणांच्या पद्धतीत ४ आणि चौसष्ट खुणांच्या पद्धतीत ६. खुणा जितक्या अधिक तितकी त्यांची दाटी अधिक, आणि थोड्याशा व्यत्ययानेही एक खूण दुसरीसारखी भासू लागते. शिवाय चुका दुरुस्त करण्यासाठी काही बिट राखून ठेवावे लागतात, ते वेगळेच. युरोपात १९९७ साली प्रमाणित झालेल्या डीव्हीबी-टी पद्धतीत ८ मेगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यातून, निवड कशी केली त्यानुसार, सेकंदाला सुमारे ५ पासून जवळजवळ ३२ मेगाबिटपर्यंत माहिती पाठविता येते. पट्टा तोच, फरक पडतो तो केवळ ती किती घरांत सुखरूप पोहोचेल यात.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली या व्यवहाराचा सिद्धान्त मांडला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो घटत्या फलाच्या नियमासारखा वाटल्यावाचून राहत नाही. संदेश पुरेसा सशक्त असताना त्याच पट्ट्यातून दर हर्ट्झमागे सेकंदाला आणखी एक बिट न्यावयाचा, तर व्यत्ययाच्या तुलनेत संदेशाची शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. त्यानंतरच्या बिटासाठी पुन्हा दुप्पट. हा वाढता खर्च प्रक्षेपकाने केला नाही, तर तो प्रेक्षकाच्या माथी येतो: उंच ॲन्टेना, नवी तार, किंवा कोरा पडदा. कोरा पडदा म्हणण्याचे कारण असे की जुन्या पद्धतीत संदेश क्षीण झाला तर पडद्यावर मुंग्या येत, पण बातम्या ऐकू येत. अंकीय चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष असते आणि तिच्या पलीकडे एकाएकी फुटून नाहीसे होते. मुसळधार पावसात छतावरच्या डिशची काय गत होते हे आपण पाहतोच.

या बाबतीत ब्रिटनचा अनुभव फार बोलका आहे. तेथे नोव्हेंबर १९९८ मध्ये ऑनडिजिटल या कंपनीने वर्गणी घेऊन जमिनीवरील प्रक्षेपकांवरून अंकीय सेवा सुरू केली. विकण्यासाठी वाहिन्या पुष्कळ हव्या होत्या, म्हणून चौसष्ट खुणांची पद्धत पत्करली गेली. दर पट्ट्यामागे सुमारे २४ मेगाबिट. जुनी ॲनालॉग प्रक्षेपणे त्याच वेळी चालू असल्याने नव्या प्रक्षेपकांची शक्ती मात्र बेताचीच ठेवावी लागली होती. परिणामी अनेक घरांत चित्र वारंवार फुटे. पुढे आयटीव्ही डिजिटल असे नाव घेतलेली ही कंपनी २००२ च्या मे महिन्यात बंद पडली. तिच्या ऱ्हासाला फुटबॉल सामन्यांच्या हक्कांसाठी कबूल केलेले ३१ कोटी ५० लाख पौंड अधिक कारणीभूत होते, हे न्यायाने म्हटले पाहिजे. पण सदोष ग्रहणानेही तिचे ग्राहक तोडले.

मोकळे झालेले पट्टे बीबीसी आणि क्राउन कॅसल यांच्याकडे गेले. त्यांनी सहापैकी चार पट्ट्यांवर सोळा खुणांची पद्धत आणली आणि वेग २४ वरून १८ मेगाबिटवर उतरविला. चौथा हिस्सा माहिती सोडून दिली. त्या बदल्यात सुमारे ४ डेसिबलचा, म्हणजे प्रक्षेपकाची शक्ती अडीचपट केल्याइतका, लाभ पदरात पडला. ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झालेली ही फ्रीव्ह्यू सेवा लोकांनी उचलून धरली. ती विनावर्गणी होती हे खरेच. परंतु फुकट मिळणारे चित्रही दिसावे तर लागतेच! पुढे २०१२ पर्यंत ॲनालॉग प्रक्षेपणे टप्प्याटप्प्याने थांबली, शक्ती वाढविता आली, आणि मगच चौसष्ट खुणा परतल्या. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेची कथा निराळी, पण तिच्यातही हाच पेच आहे. तेथील ८-व्हीएसबी पद्धत ६ मेगाहर्ट्झमध्ये १९.३९ मेगाबिट देते. इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या लहरींपुढे घरातल्या साध्या ॲन्टेनावर ती टिकत नाही, अशी तक्रार करून सिंक्लेअर या प्रसारण कंपनीने १९९९ साली युरोपीय धर्तीच्या बहुवाहक पद्धतीची मुभा मागितली. २००० साली नियामक आयोगाने ती नाकारली. २०१७ साली त्याच आयोगाने एटीएससी ३.० या नव्या प्रमाणाला ऐच्छिक मान्यता दिली; ते बहुवाहक पद्धतीवरच आधारलेले आहे.

आपल्याकडे याच प्रमाणाच्या आधारे, इंटरनेटवाचून थेट मोबाइलवर प्रक्षेपण करण्याच्या चाचण्या प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांच्या सहभागाने झाल्या आहेत. मोबाइलला छतावरचा ॲन्टेना नसतो. तो एस.टी.त, चाळीच्या आतल्या खोलीत, पुराच्या रात्री वीज गेलेल्या घरात वापरला जाणार. या प्रमाणात एकाच पट्ट्यातून एक सशक्त थर आणि एक वेगवान थर एकदम पाठविण्याची सोय आहे. त्या सोयीचे वाटप मात्र यंत्र करीत नाही, धोरण करते. ते परवानाधारकावर सोपविले तर तो विकता येण्याजोग्या वाहिन्या मोजील, आणि त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते गैरही नव्हे. म्हणूनच परवान्याच्या अटींतच दोन आकडे लिहिलेले असावेत: बातम्या व आपत्तीच्या सूचना वाहणाऱ्या सशक्त थरासाठी किती बिट राखून ठेवले जातील, आणि तो थर घराच्या आत, हातातल्या साध्या मोबाइलवर, किती टक्के वस्तीत मिळेल. दुसरा आकडा मोजून पाहिल्याशिवाय पहिल्यात एका बिटाचीही कपात होऊ देऊ नये.